आखाडात काढलेली दिवाळी

माणसानं आखाडात काय करावं? भाताची लावणी करावी, आखाड तळावा, म्हणजे तळणीचं गोडधोड करावं, लेकीला त्यातल्या कापण्यांचा डबा पाठवावा, आणि जावई आलाच तर मटण शिजवावं. एवढं केलं की श्रावण लागतो. आमच्या घरात मात्र एक आखाड असा गेला, की दारात आकाशकंदील, अंगणात रांगोळी, ओट्यावर पणत्या, सूनबाई नव्या पैठणीत, आणि वरून पाऊस असा की गोठ्यातली म्हैससुद्धा मान बाहेर काढीना. आमच्या साऱ्या डिंगोरे गावानं ठरवलं की बायडाबाईचं, म्हणजे माझं, डोकं फिरलं. ठरवू द्या. याच डिंगोऱ्यानं एकेकाळी असंही ठरवलं होतं, की टोमॅटो हे काही आपल्याकडचं पीक नव्हे.

याचं मूळ म्हणजे आमची सून अश्विनी. म्हणजे मूळ ती, आणि घोळ जिनं घातला असं लोक म्हणतात ती मी. मला ते मान्य नाही. का नाही, ते सगळं ऐकून तुम्हीच सांगा.

अश्विनी घोडेगावची. पुण्यात राहून घरं आतून सजवायचं शिकलेली. त्याला इंटेरिअर डिझायनर म्हणतात. आमचा आदेश ओतूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, त्यामुळे लग्नानंतर ती डिंगोऱ्यातच राहायला आली. मी लग्नात सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, सून डिझायनर आहे म्हणून. तर माझी चुलत जाऊ ठमाबाई भर पंगतीत मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी उशा मांडायचं शिकली का गं पोरगी? त्याला पुन्याला कशाला जायाला पायजे व्हतं?"

ठमाबाईचं आणि आमचं घर भिंतीला भिंत. तिकडं लसूण ठेचला की इकडं शिंक येते. तिचं बोलणं मी त्याच दिवशी गाठीला बांधलं. अशा गाठी माझ्याकडं बऱ्याच आहेत. पदर पुरत नाही.

अश्विनीनं पहिलं काम आमच्याच घराचं काढलं. घर स्लॅबचं, नवं. मी ते माझ्या परीनं चांगलं लावलं होतं. काचेचं शोकेस, त्यात प्लॅस्टिकची फुलं, टीव्हीवर भरतकामाचं झाकण, भिंतीवर खतवाल्याचं कॅलेंडर. पोरीनं ते सगळं उचलून आतल्या खोलीत नेलं, आणि जे मी तीस वर्षं खपून माळ्यावर ढकललं होतं ते खाली आणलं. सासूबाईंचं उखळ आलं, त्याच्यावर काच ठेवली, त्याला म्हणे टीपॉय. बैलाचं जू छताला टांगून त्याला दिवे लावले. घंगाळात पाणी आणि पाण्यात फुलं. धान्याची कणगी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्या पोटात बल्ब सोडला. आमचे मालक संध्याकाळी वावरातून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "जू हितं टांगलंय, मंग बैल कुटं बांधलंत?"

मी पहिले दोन दिवस तोंड धरून बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे दिवे लावले आणि त्या कणगीतून उजेड झिरपायला लागला, बांबूच्या विणीतल्या बारीक बारीक भोकांतून. सगळ्या भिंतीवर जसे काजवे बसले. सुनेचं कौतुक तोंडावर करू नये, सवय लागते. पण पुढचे आठ दिवस मी संध्याकाळी त्याच भिंतीकडं तोंड करून भाजी निवडत होते.

मग आली दिवाळी. अश्विनीनं घर सजवलं, फोटो काढले आणि पुण्याच्या एका मासिकाला पाठवून दिले. मासिक घरांचंच होतं. कुणाचा दिवाणखाना, कुणाचं स्वयंपाकघर, असलं छापायचं. "आई, त्यांनी छापलं ना, तर मला कामं मिळतील," ती म्हणाली. "मंचरला, नारायणगावला लोक बंगले बांधतायत. पण माझं काम कुणी बघितलेलंच नाही."

मी तेवढं ऐकलं आणि दळणाच्या चक्कीवर सांगून आले, की दिवाळीच्या पुस्तकात आमचं घर येणार. चक्कीवर सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

भाऊबीज झाली तरी पत्ता नाही. तेव्हा अश्विनीनं फोन लावला. तिकडच्या संपादकबाई हसल्या म्हणे. म्हणाल्या, फोटो छान आहेत, पण दिवाळीचा अंक कधीच बाजारात गेला. दिवाळीची घरं आम्ही आखाडात बघतो. आत्ता आमच्याकडं उन्हाळ्याचं काम चालू आहे. दिवाळीचं काही असेल तर पुढच्या आखाडाआधी कळवा.

अश्विनीचा चेहरा पडला. पण मला एकदम उलगडलं. अहो, हे तर कांद्याचंच झालं! कांदा काढायचा चैत्रात, बराखीत भरायचा, म्हणजे ती जाळीची चाळ असते ना, वारा खेळता ठेवणारी, तिच्यात. आणि बाजारात न्यायचा पावसात, जेव्हा दुसऱ्याच्या घरी कांदा नसतो. ज्या दिवशी पिकलं त्या दिवशी सगळेच घेऊन जातात, तेव्हा विचारतो कोण?

"पोरी," मी म्हटलं, "रडू नगंस. आपुन यंदा हंगामात माल नेला, तितं चुकलं. पुढल्या सालाला बिगरहंगामी नेऊ."

ती डोळे पुसून हसली. पण रात्री आदेशला म्हणत होती ते मी ऐकलं. पुढच्या वर्षीही नाही जमलं, तर आराखड्यांचे तक्ते गुंडाळून ठेवते आणि दुकानात गल्ल्यावर बसते. नटबोल्ट मोजायला शिकलेली माणसंच लागतात असं नाही, पण शिकलेलीलाही ते जमतंच. ते वाक्य मला रात्रभर टोचलं. ठमाबाईचं वाक्य वरून. ती तर वर्षभर दर अवस-पुनवेला कुंपणावरून विचारायची, "काय गं बायडे, आलं का तुजं घर पुस्तकात? का पुस्तकच यायचं हाय घरात?"

म्हणून या वेळी मी ठरवलं, छापून हातात येईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. ठमाबाईला तर मुळीच नाही.

जेठात अश्विनीनं पुन्हा पुण्याच्या बाईंना लिहिलं. त्यांनी लगेच कळवलं, आम्ही स्वतः येतो, आमचा फोटोग्राफर घेऊन. घर दिवाळीसारखं सजवून ठेवा. आणि एक अट, हे घर आमच्याआधी दुसऱ्या कुठल्या मासिकाला दाखवायचं नाही.

अश्विनी म्हणाली, "हा नियमच असतो आई."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, बाई गं, हा नियम मला नको सांगू. वावरात उभा राहून प्रत्येक व्यापारी हेच म्हणतो, मावशी, माल दुसऱ्याला दाखवू नका, मी उद्या येतो. आणि तो उद्या येतोच असं नाही. आमच्या घराण्यात एकट्या व्यापाऱ्याला माल कुणी दाखवलेला नाही. मागच्या वर्षी एकाच ठिकाणी पाठवून काय झालं ते बघितलंच होतं. तेव्हा मी अश्विनीनं काढलेल्या त्या दिवाळीच्या फोटोंच्या जादा प्रती घेतल्या आणि गेणभाऊंकडं गेले.

गेणभाऊ पोस्टातून रिटायर झालेले. अक्षर मोत्यासारखं, आणि गुपित पोटात ठेवायची सवय, कारण पोस्टात साऱ्या गावाची पत्रं वाचून त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. निदान त्याच दिवशी तरी नाही. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या मासिकाला माझ्या वतीनं पत्र लिहिलं. सुरुवात 'सविनय सादर' अशी होती आणि मधे कुठंतरी 'सदर घर' हा शब्द सात-आठ वेळा होता. मला वाचता आलं तेवढं मी वाचलं. वजनदार वाटलं.

मुंबईचं उत्तर गेणभाऊंच्याच पत्त्यावर आलं. ते संध्याकाळी आमच्या ओट्याशी आले, इकडं तिकडं बघितलं, आणि आपल्या मते कुजबुजले, "बायडाबाई, ममईवालं यायला तयार हायेत!" म्हैस दचकली.

आता दिवस कुठला द्यायचा? इथं मी डोकं चालवलं. आखाडात दिवे लावायचे म्हणजे लोक विचारणार. पण आखाडातला एकच दिवस असा आहे, की घराघरातले दिवे घासून पुसून पाटावर मांडतात आणि कुणी काही विचारत नाही. दिव्याची अवस! म्हणून मी अश्विनीला सांगितलं, पुण्याच्या बाईंना अवसेला सकाळी बोलव. आणि गेणभाऊंना सांगितलं, मुंबईकरांना अवसेलाच, पण दुपारच्या जेवणानंतर. दुपारी अश्विनीला आदेशबरोबर ओतूरला कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला धाडायचं आणि आपण मुंबईकरांना घर दाखवायचं. जो आधी छापील म्हणेल त्याचा माल. यात काय चुकलं सांगा.

तयारीत माझा जीव गेला तो वेगळाच. आकाशकंदील आणायला ओतूरला गेले, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, आता छत्र्या घ्या, छत्र्या." माळ्यावरचा जुना काढला, तर त्यात उंदरीण बाळंत झालेली. शेवटी अश्विनीनं बांबू आणि कागदाचा नवा केला. झेंडूची फुलं तर कुठंच नाहीत. गेणभाऊ म्हणाले, "गनपती मंडळाची प्लॅस्टिकची माळ हाय, लांबून काय कळतंय?" अश्विनीनं असं बघितलं की ते पुन्हा त्या विषयावर आले नाहीत. मग घोडेगावहून तिच्या माहेरच्यांनी तगरीची फुलं आणि आंब्याची डहाळी पाठवली.

फराळाचं मात्र सोपं. आखाडात तळणीचा वास सुटला तर कुणाला नवल वाटत नाही, सगळीकडंच आखाड तळतात. मी दार लावून करंज्या आणि चकल्या तळल्या. कुंपणावरून ठमाबाईनं विचारलंच, "बायडे, काय तळतीस गं? भाजणीचा वास येतोय."

"कापण्याच हायेत," मी म्हटलं. "पीठ नवीन हाय."

अवसेचा दिवस उजाडला तो उजाडलाच नाही. आभाळ असं भरून आलेलं की कोंबडासुद्धा उशिरा आरवला. अंगणात रांगोळी काढली, ती अंगणाच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात वाहून गेली होती. मग ओट्यावर काढली. पैठणी नेसून अश्विनी दिवे मांडत होती. माझ्यावर मालकांना दाढी करायला लावायचं काम होतं.

पुण्याचे काही येईनात. नंतर कळलं, नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगेत अडकले होते. आणि इकडं मुंबईवाले, ज्यांनी दुपारी यायचं, त्यांनी माळशेज घाटात दरडी कोसळतात हे ऐकलेलं. म्हणून ते बिचारे पहाटेच निघाले. तर काय झालं, की आमच्या दारात दोन गाड्या एकदमच येऊन थांबल्या. एक पुण्याकडून, एक घाटाकडून. नाकाला नाक.

पुण्याच्या गाडीतून चष्मेवाल्या संपादकबाई उतरल्या आणि त्यांचा फोटोग्राफर. मुंबईच्या गाडीतून एक दाढीवाला उतरला, केसांची शेपटी बांधलेला, गळ्यात कॅमेरा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ते एकमेकांना चांगले ओळखत होते, हे मला बाईंचा चष्मा नाकावर घसरला तेव्हाच कळलं.

"तुम्ही इथं कसे?" बाई म्हणाल्या.

"आमंत्रणावरून. 'सदर घर' बघायला," दाढीवाला म्हणाला.

अश्विनी माझ्याकडं वळली. हातातली पणती तशीच. "आई... तुम्ही?"

मी काय उत्तर देणार होते ते राहूनच गेलं, कारण त्याच घडीला छत्री मिटत ठमाबाई ओट्यावर चढली. हातात ताट, ताटावर रुमाल. आखाड तळला की शेजारी वाण द्यायचं, ती तिच्या कापण्या घेऊन आलेली. तिनं वर आकाशकंदिलाकडं बघितलं, खाली रांगोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बायडे, पंचांग हाय का गं घरात?"

"कंदील व्हय? धुऊन वाळत घातलाय त्यो," मी म्हटलं.

"पावसात?"

मी तिच्या हातातलं ताट ओढून उखळावर ठेवलं आणि तिला स्वयंपाकघरात लोटलं. ती दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिली. कुठं उभं राहायचं हे तिला सांगावं लागत नाही.

पुण्याच्या बाई भिजलेला पदर झटकत म्हणाल्या, "आम्ही स्पष्ट लिहिलं होतं. आधी आम्हाला. असं असेल तर आम्हाला यात रस नाही." आणि फोटोग्राफरला खूण केली, सामान गाडीत टाक.

मला वाटलं, आता मीच बोलावं. "बाई," मी म्हटलं, "तुमी साडी घ्यायला जाता तवा एकच दुकान बघता का? आन एका वावरात आमी खरीप बी घेतो, रब्बी बी घेतो. वावर एकच असतंय."

दाढीवाला हसला. बाई हसल्या नाहीत.

आणि मग अश्विनी पुढं झाली. मी मनाची तयारी केली होती. आता ही म्हणणार, मला काही माहीत नव्हतं, हे सगळं सासूबाईंचं. ते खरंच होतं, आणि म्हटलं असतं तर मी ते ऐकून घेतलं असतं. पुढं कधी ना कधी परत केलं असतं, पण ऐकून घेतलं असतं.

ती म्हणाली, "आमची चूक झाली, मॅडम. शब्द तुम्हाला दिला होता. पहिला मान तुमचा. तुम्ही घर बघा, नाही आवडलं तर जा. पण बघून जा."

आमची, म्हणाली. माझी नाही, सासूची नाही. आमची.

बाई थांबल्या. आत आल्या. आणि त्याच वेळी लाईट गेली. आमच्याकडं लाईट माणसासारखी असते, पावणे आले की उठून जाते. घरात काळोख झाला. आणि त्या काळोखात पाटावरचे दिवे, घासलेले, ओळीनं लावलेले, आणि कणगीत मी घाईघाईनं ठेवलेला कंदील. भिंतीवर ते काजवे पुन्हा बसले. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"फोटो कसा निघणार पण? उजेड किती कमी आहे," फोटोग्राफर म्हणाला.

"थांबा," आदेश म्हणाला, आणि भिजत बाहेर पळाला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानं ट्रॅक्टर खिडकीसमोर आणून दिवे लावले आणि काचेवर मी नुकतीच घडी करून ठेवलेली पिवळी चादर धरली. खोलीत असा उजेड आला, की दिवाळीची संध्याकाळ. ट्रॅक्टरचा धडधडाट फोटोत येत नाही, ही देवाची कृपा.

मग सुरू झालं. हे काढा, ते काढा. टीव्ही उचला, घड्याळ उचला, पाण्याचं पिंप उचला. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, "आजी, या आजोबांना जरा बाहेर बसवता का?" मालक खुर्चीत बसले होते, नुकतीच दाढी केलेली. "मी माझ्या घरात बसलोय," ते म्हणाले. "जू टांगलंय, कणगी पेटवलीया, आता मला बी माळ्यावर टाका." तरी उठले, आणि दारातून जाता जाता आकाशकंदिलाला डोकं आपटून गेले.

मग फराळाचं ताट मांडायला घेतलं. चकल्या रात्रभराच्या दमट हवेनं मऊ. फोटोग्राफरनं एक उचलली, तर ती त्याच्या बोटावरून ओल्या सुतळीसारखी लोंबायला लागली. करंज्या हिरमुसलेल्या. बाई म्हणाल्या, "सोनेरी काहीतरी हवं होतं. कुरकुरीत."

आणि त्यांची नजर उखळावरच्या ताटावर गेली. रुमाल सरकलेला. आत ठमाबाईच्या कापण्या, शंकरपाळ्यांहून मोठ्या, लालसर, वर खसखस. घडीभरापूर्वी तळलेल्या. "हे काय आहे? किती सुंदर!" बाई म्हणाल्या.

अश्विनी माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. कापण्या दिवाळीत कुणी करत नाही. आखाडाशिवाय करतच नाहीत. घोडेगावच्या पोरीला हे माहीत, डिंगोऱ्याच्या सासूला माहीत. पण बाईंना पुण्यात कोण सांगणार? "फराळच आहे," अश्विनी म्हणाली. खोटं नव्हतं ते. दाराच्या फटीतून कुणीतरी मोठ्यानं नाक ओढलं.

बाईंनी स्वतः त्या कापण्या पितळी ताटात रचल्या आणि ताट पुढं ठेवलं. फोटो निघाले.

मुंबईचा दाढीवाला या सगळ्यात कुठं होता म्हणाल, तर मागच्या पडवीत. तिथं चुलीवर आखाडाचं मटण रटरटत होतं, आणि वासानं त्याला नेलं. मी गेले तेव्हा तो पाटावर मांडी घालून बसला होता आणि गेणभाऊ त्याला भाकरी चुरून खायला शिकवत होते. इतक्यात निरोप आला, घाटात दरड आली, रस्ता बंद. "देवच म्हनतोय, आनखी एक भाकर घ्या," गेणभाऊ म्हणाले.

जेवण झाल्यावर तो हात पुसत अश्विनीला म्हणाला, "ही दिवाळी त्यांची. तुम्ही शब्द पाळलात, मी मधे येणार नाही. पण दुसरं घर कराल, ते आधी मला. आणि कळवायचं वेळेवर." मग मला म्हणाला, "आजी, तुम्हीच आमच्या ऑफिसला या. अंक कधी बाजारात न्यायचा, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं." हे त्यानं चेष्टेनं म्हटलं का खरंच, मला कळलं नाही. मी खरंच धरलं.

पुढचे तीन महिने मात्र माझे फार अवघड गेले. ठमाबाईनं सगळं बघितलेलं, म्हणजे गावानं सगळं बघितलेलं. पोरं मला बघून विचारायची, "मावशी, होळी कदी करायची?" पण ठमाबाई स्वतः काही बोलत नव्हती, आणि तेच मला खटकत होतं. भरलेलं आभाळ पडलं नाही की जास्त भीती वाटते. अश्विनीनं तक्ते बांधून कपाटाच्या मागं ठेवलेले मी बघितले होते. अजून दोरी सोडलेली नव्हती.

वसुबारसेच्या दिवशी गेणभाऊ ओतूरहून एसटीनं उतरले ते थेट आमच्याकडं. हातात अंक. ओट्यावर बायका जमल्या. अश्विनीनं पानं उलटायला सुरुवात केली. आणि ते पान आलं. दोन्ही बाजूंना पसरलेलं. वर अश्विनीचं नाव, डिंगोरे, तालुका जुन्नर. मी 'जुन्नर' तेवढं पटकन वाचलं आणि पुढं डोळ्यांपुढं धुकं आलं.

धुकं खरोखरच होतं. म्हणजे फोटोतही. माझं घर, जू, कणगी, काजवे, सगळं मागं होतं, मऊ मऊ, धुरकट. आणि पुढं, पानभर, एकेक खसखशीचा दाणा मोजून घ्यावा अशा लख्ख, कापण्या. खाली लिहिलं होतं, जुन्नरची पारंपरिक दिवाळी.

"अगं बया!" ठमाबाई किंचाळली. "या माज्या कापन्या हायेत!"

"कशावरनं?" मी म्हटलं.

"खसखस बघ की! तू लावतीस का कदी खसखस? तू तीळ लावतीस. साऱ्या आळीला माहीत हाय." आणि तिनं अंक उचलला, छातीशी धरला, आणि निघाली. चक्कीवर गेली, दूध डेअरीवर गेली, मारुतीच्या पारावर गेली. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, बायडीच्या सुनेनं घर सजवलंय, आणि माझ्या कापण्या पुस्तकात आल्यात. माझं घर, माझी सून, माझी खटपट, आणि मिरवणूक हिची. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली. गोरखला घेऊन. गोरख तिचा मुलगा, त्याचा हमरस्त्याला बंगला चालू होता. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अश्विनी, बंगला आतून तूच करायचा. त्यो नारायनगावचा मानूस गोरख आनत व्हता, त्याला मी न्हाई म्हनून सांगितलं. घरची पोरगी आसताना बाहेरचा कशाला?"

अश्विनी उठली, कपाटामागून तक्ते काढले आणि दोरी सोडली. कणगीच्या उजेडात तिनं पहिला कागद उखळावर पसरला. मी भाजी निवडत होते. त्या भिंतीकडं तोंड करून. आणि खरं सांगते, त्या दिवशी मेथीत निम्म्या काड्या तशाच गेल्या.

"पर एक सांग," ठमाबाई म्हणाली, "उशा कशा मांडायच्या त्ये तुजं तू बघ. काम कदी उरकायचं? आखाडाला दिवाळी काढायची म्हंजी जेठात तयार पायजे का न्हाई?" लग्नातल्या पंगतीतली ती गाठ मी हळूच सोडली. पदराला तेवढीच जागा.

आता आमच्या आळीत दिवाळीलाही कापण्या होतात. परंपराच आहे म्हणतात, पुस्तकात छापून आलंय. मीसुद्धा करते. खसखस लावून.

तर, त्या दिवशी ठमाबाई जायला निघाली तेव्हा मी तिला कुंपणापर्यंत पोचवायला गेले. अश्विनी आत होती. म्हटलं, या बाईनं आपल्या सुनेला काम दिलं, आपणही हिला एक चांगली गोष्ट द्यावी. मी हळूच म्हणाले, "ठमे, पोरगी काय बी म्हनू दे. माल एकाच व्यापाऱ्याला दाखवू नगंस."

ठमाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला भाकरी थापायला शिकवतेय.

"ते मला नगं सांगूस," ती म्हणाली. "गेनभाऊंना मी सकाळीच पत्र लिवाया बसवलंय. तीन ठिकानी."

बंगल्यावर तेव्हा अजून स्लॅबसुद्धा पडला नव्हता.